हंगाम सरल्यावर भूमध्य समुद्रातल्या बेटावर

गेल्या काही आठवड्यांत बडोद्याहून या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावर आहेत. युरोपातील आलिशान रिसॉर्ट हॉटेलांचे बिगरहंगामी दर पाहून अनेक कुटुंबे भूमध्य समुद्रातल्या बेटांचा विचार करू लागली आहेत, आणि दर इतके उतरलेले पाहून त्यांना ओढही वाटते आणि शंकाही येते. म्हणून या अंकातील संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी बँकेतून निवृत्त झालेला गृहस्थ असून दांडिया बाजारात राहतो. येत्या जानेवारीत आमच्या विवाहाला ४० वर्षे पूर्ण होत आहेत. जर्मनीत नोकरीला असलेल्या आमच्या चिरंजीवांनी त्या निमित्ताने माल्टा बेटावरील समुद्रकाठच्या एका पंचतारांकित हॉटेलात आम्हा उभयतांची आठवडाभर राहण्याची व्यवस्था करण्याचे ठरवले आहे. शनिवार-रविवारी ते आणि सूनबाईही तेथे येतील. ऑगस्टमध्ये ज्या खोलीचा दर ऐकून आम्ही तो विषयच सोडून दिला होता, तीच खोली जानेवारीत निम्म्याहून कमी पैशांत मिळत आहे. एवढी स्वस्ताई कशामुळे? हॉटेल अर्धवट बंद तर नसेल ना? सौभाग्यवतींना गुडघ्यांचा त्रास आहे आणि त्यांना थंडी फारशी सोसत नाही. समुद्राचा उपयोगच होणार नसेल, तर एवढ्या लांब जावे का?

उत्तर : आपल्या शंकेत तथ्य आहे, परंतु कोणी फसवत आहे असे समजण्याचे कारण नाही. भूमध्य समुद्राच्या प्रदेशात ऋतूंची मांडणी आपल्याहून उलट असते. तेथला उन्हाळा कोरडा असतो, जून ते ऑगस्ट पावसाचा थेंबही दुर्मीळ असतो, आणि वर्षाचा बहुतेक पाऊस ऑक्टोबर ते मार्च या काळात पडतो. पावसाळ्यात समुद्र खवळला की दीवच्या हॉटेलांचे दर जसे उतरतात, तसाच हा प्रकार आहे. फक्त तेथे पाऊस आणि थंडी एकत्र येतात. ब्रिटन, जर्मनी आणि उत्तरेकडील देशांतील जे लोक ऊन आणि पोहणे यांसाठी उन्हाळ्यात ही बेटे भरून टाकतात, ते हिवाळ्यात फारसे येत नाहीत. विमाने कमी होतात, हंगामापुरते नेमलेले कर्मचारी आपापल्या घरी जातात, आणि जी हॉटेले उघडी राहतात तीही मोजक्या माणसांवर चालतात. म्हणजे खोली तीच असली, तरी आपण जे विकत घेत आहात ते ऑगस्टमधले हॉटेल नव्हे. दर उतरतो तो या फरकामुळे, आणि हा फरक आपल्याला चालणारा आहे की नाही, एवढाच खरा प्रश्न आहे.

प्रथम हवामानाचे पाहू. जानेवारीत माल्टात दिवसाचे कमाल तापमान १५ ते १६ अंश आणि रात्रीचे १० अंशांच्या आसपास असते. आकडा पाहून बडोद्याची पहाट डोळ्यांसमोर येईल, परंतु बडोद्यात दुपारी ऊन तापते आणि अंगातली थंडी निघून जाते. तेथे दिवसभर हवा साधारण तेवढीच राहते, वारा ओलसर असतो, आणि सूर्य सव्वापाचच्या सुमारास मावळतो. शिवाय तेथील बांधकाम पिवळसर चुनखडीच्या दगडाचे आणि उन्हाळ्यात गारवा टिकवण्याच्या हिशोबाने केलेले असते, त्यामुळे हिवाळ्यात घरात बाहेरच्यापेक्षा जास्त गार वाटण्याचा अनुभव तेथे नित्याचा आहे. ज्यांना थंडी सोसत नाही त्यांनी बाहेरच्या तापमानापेक्षा खोलीच्या उबेची अधिक चौकशी करावी. समुद्राचे पाणी या काळात १६ अंशांच्या आसपास असते, म्हणजे आपल्या वयाच्या आणि सवयीच्या माणसांनी त्यात उतरण्याचा विचार सोडलेला बरा. बिगरहंगामातला समुद्र पाहण्यासाठी असतो, आणि ते पाहणेही सामान्य नसते. माल्टाच्या शेजारच्या गोझो बेटावरची ‘अझूर विंडो’ नावाची प्रचंड नैसर्गिक दगडी कमान ८ मार्च २०१७ रोजी अशाच एका वादळात समुद्रात कोसळली. त्या लाटांचा जोर किती असतो, याची यावरून कल्पना यावी.

आता दुसरी बाजू. हिवाळ्यात बेटावर जाणे हा उरलासुरला पर्याय आहे, असे कृपया मानू नये. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकापर्यंत भूमध्य समुद्राच्या काठचा श्रीमंतांचा हंगाम हिवाळ्याचाच असे. युरोपातील सधन माणसे थंडी चुकवण्यासाठी तेथे जात आणि उन्हाळा लागला की परतत. १८३८-३९ च्या एकाच हिवाळ्यात दोन प्रसिद्ध व्यक्ती दोन बेटांवर प्रकृतीसाठी राहिल्या होत्या. ब्रिटनचे राजे चौथे विल्यम यांच्या पत्नी राणी ॲडलेड वैधव्यानंतर माल्टात आल्या, तेथे काही महिने राहिल्या, आणि राजधानी व्हॅलेटा येथे अँग्लिकन पंथाचे चर्च नाही हे पाहून त्यांनी स्वतःच्या खर्चाने ते बांधण्याची व्यवस्था केली. ते चर्च आजही उभे आहे. त्याच हिवाळ्यात संगीतकार फ्रेडरिक शोपँ स्पेनच्या मायोर्का बेटावर वाल्देमोसा गावातल्या जुन्या मठात राहिला. त्या मठाच्या गार आणि ओल्या दगडी खोल्यांत त्याचा खोकला बळावला, मागवलेला पियानो जकातीत अडकून पडला, आणि फेब्रुवारीत त्याला बेट सोडावे लागले. हिवाळा दोघांनाही तोच मिळाला. एकीच्या दिमतीला वसलेले शहर आणि उबदार घर होते, दुसऱ्याच्या वाट्याला डोंगरातला रिकामा मठ आला. बिगरहंगामी मुक्कामाचा निर्णय आजही याच गोष्टीवर ठरवावा, असे माझे ठाम मत आहे : बेटाला प्रवाशांवाचून स्वतःचे जीवन आहे का, हे आधी पाहावे आणि हॉटेल नंतर निवडावे.

या कसोटीवर माल्टा उत्तम उतरते. केवळ ३१६ चौरस किलोमीटरच्या या देशात पाच लाखांहून अधिक माणसे बारा महिने राहतात, त्यामुळे दुकाने, बस, दवाखाने आणि चहापानाच्या जागा जानेवारीतही चालू असतात. सेंट जॉनच्या सरदारांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या एका संघाने, १५६६ मध्ये वसवलेले व्हॅलेटा शहर ऑगस्टच्या उन्हात पायी पाहणे आपल्या वयाला कठीण गेले असते. जानेवारीत ते सुखाने पाहता येते. तेथल्या सेंट जॉनच्या महामंदिरात इटालियन चित्रकार काराव्हाज्जोने १६०८ मध्ये रंगवलेले भव्य चित्र आहे, आणि त्यासमोर गर्दीचा धक्का न लागता उभे राहता येणे हीच या दिवसांची खरी श्रीमंती आहे. हाल सफ्लिएनी येथील जमिनीखालच्या प्रागैतिहासिक दफनस्थानात दिवसभरात फार थोड्या माणसांना आत सोडतात, म्हणून त्याची नोंदणी मात्र हिवाळ्यातही बऱ्याच आधी करावी लागते. उन्हाळ्यात करपून तपकिरी दिसणारे हे बेट जानेवारीत हिरवे असते, आणि रस्त्यांच्या कडेला पिवळ्या फुलांचे ताटवे पसरलेले दिसतात. आपल्या कुंड्यांतून उगवणाऱ्या आंबुशीच्याच कुळातली ती वनस्पती आहे. सौभाग्यवतींना बागेची आवड असेल तर पाने पाहताच ओळख पटेल.

गुडघ्यांच्या दृष्टीने सांगायचे, तर व्हॅलेटा हे चढउतारांचे आणि पायऱ्यांचे शहर आहे. बंदराच्या पातळीवरून वरच्या बराक्का उद्यानापर्यंत नेणारी ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे, तिचा उपयोग जरूर करावा. तेथला फरसबंदी दगड पावसाने निसरडा होतो, त्यामुळे खोबणीदार रबरी तळाचे बूट न्यावेत. वाऱ्यात छत्री टिकत नाही. टोपी असलेले पाणीरोधक जाकीट आणि आत दोन-तीन पातळ गरम कपडे, ही व्यवस्था एका जाड कोटापेक्षा अधिक उपयोगी पडते.

हॉटेलविषयी चिरंजीवांना एक विनंती करावी. आरक्षण पक्के करण्यापूर्वी त्यांनी हॉटेलला लेखी विचारावे, आणि उत्तरही लेखीच घ्यावे. त्या आठवड्यात किती भोजनगृहे चालू राहणार आहेत, आतला जलतरण तलाव तापवलेला असतो म्हणजे नेमका किती अंशांवर ठेवतात, इमारतीच्या कोणत्या भागात दुरुस्तीचे काम चालू असेल, खोलीतले वातानुकूलन यंत्र गरम हवाही देते का, आणि न्हाणीघरात टबच्या जागी सपाट तळाचा शॉवर असलेली खोली मिळेल का, हे प्रश्न त्यात असावेत. दुरुस्तीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण मोठी हॉटेले तोडफोड आणि रंगकाम यांसाठी नेमका हाच काळ राखून ठेवतात, आणि ड्रिलच्या आवाजापुढे पंचतारांकित खोलीचा काही उपयोग नसतो. समुद्राकडे तोंड असलेल्या खोलीसाठी जादा पैसे देण्यापूर्वीही विचार करावा. माल्टातील बहुसंख्य मोठी हॉटेले ईशान्येच्या किनाऱ्यावर आहेत, आणि ‘ग्रेगाल’ नावाचा हिवाळी वारा ईशान्येकडूनच येतो. तो सुटला की सज्जाचे दार उघडता येत नाही. त्यापेक्षा दुपारचे ऊन येणारी खोली आपल्याला अधिक सुख देईल.

हॉटेल व्हॅलेटात असेल, किंवा स्लीमासारख्या वस्तीत आणि समुद्राकाठच्या फेरफटक्याच्या रस्त्याला लागून असेल, तर निःशंक जावे. ते बेटाच्या उत्तर टोकाला एखाद्या एकाकी खाडीवर असेल, तर चिरंजीवांना ते बदलायला सांगावे, मग ते कितीही भव्य असो.

प्रश्न : मी कारेलीबाग येथे राहणारी शिक्षिका आहे. शाळेला मोठी सुट्टी दिवाळीतच मिळते. यजमान, मी आणि दोन मुले क्रीट किंवा मायोर्का बेटावरील रिसॉर्टमध्ये सहा-सात दिवस राहावे असे मनात आहे. मुलांना समुद्रात खेळायचे आहे. दिवाळीच्या दिवसांत हे शक्य आहे का?

उत्तर : दिवाळी कोणत्या तारखेला येते, यावर आपले उत्तर अवलंबून आहे, आणि ही गोष्ट प्रवासी कंपन्या क्वचितच स्पष्ट करून सांगतात.

समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. त्यामुळे मे महिन्यात हवा छान असली, तरी क्रीटच्या किनाऱ्याचे पाणी १९ अंशांच्या आसपास असते. उलट ऑक्टोबरच्या अखेरीस हवा उतरू लागली तरी पाणी २२ अंशांच्या वर टिकून असते. मुलांच्या दृष्टीने ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा मेपेक्षा निश्चित चांगला. परंतु क्रीटमधील एलुंदा आणि उत्तर किनाऱ्यावरील बहुतेक आलिशान रिसॉर्टे ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बंद होतात, ती थेट एप्रिलच्या सुमारास उघडतात. दिवाळी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आली तर आपल्याला उत्तम हंगाम मिळेल. ती नोव्हेंबरमध्ये आली, तर समुद्र उबदार असूनही हॉटेलच्या दाराला कुलूप असेल.

बंद होण्याच्या अगदी शेवटच्या आठवड्याचे आरक्षण मात्र टाळावे. त्या दिवसांत मुलांचे खेळघर आधीच आवरलेले असते, भोजनगृहात पदार्थांची निवड घटत जाते, किनाऱ्यावरच्या आरामखुर्च्या उचलल्या जातात, आणि महिनोन्‌महिने राबलेले कर्मचारी घरी जाण्याच्या तयारीत असतात. त्यांना दोष देता येणार नाही, पण पूर्ण पैसे मोजून आवराआवर पाहण्यात अर्थ नाही. आणखी एक लहानशी वाटणारी गोष्ट ध्यानात ठेवावी : ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपात घड्याळे एक तास मागे जातात, त्यामुळे आदल्या दिवसापर्यंत साडेसहाला होणारा सूर्यास्त एकदम साडेपाचला होतो. त्याआधीचा आठवडा मिळाला, तर मुलांना संध्याकाळचा एक तास अधिक मिळेल. सामरियाची १६ किलोमीटरची प्रसिद्ध घळ ऑक्टोबरअखेर बंद होते. क्नोसोसचा मिनोअन राजवाडा आणि हेराक्लिओनचे पुरातत्त्व संग्रहालय वर्षभर खुले असते, आणि शाळकरी मुलांना ते दाखवावे असे मी आग्रहाने सुचवेन.

नोव्हेंबरमधली दिवाळी असेल तर क्रीट आणि मायोर्का दोन्ही बाजूला ठेवून सायप्रसचा विचार करावा. हे बेट पूर्वेकडे असल्याने तेथला समुद्र नोव्हेंबरमध्येही २२ अंशांच्या आसपास असतो, आणि पाफोस आणि लिमासोल येथील अनेक मोठी रिसॉर्टे बारा महिने चालतात. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे यजमानांना गाडी भाड्याने घेणे सोपे जाईल. पाफोसची प्राचीन कुट्टिमचित्रे, म्हणजे रंगीत दगडी तुकडे जडवून केलेली जमिनीवरची चित्रे, मुलांनाही आवडतील अशी आहेत. सायप्रसच्या व्हिसाचे नियम मात्र शेंगेन देशांपासून (एकाच सामायिक व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटापासून) स्वतंत्रपणे तपासून घ्यावेत.

मायोर्काचा खरा बिगरहंगाम फेब्रुवारीत आहे. त्या वेळी बदामाची झाडे फुललेली असतात, पाल्मा शहर गजबजलेले असते, पाल्माहून सोयेरला जाणारी १९१२ सालची लाकडी डब्यांची आगगाडी डोंगरातून नेते, आणि नोव्हेंबर ते एप्रिल या काळात तेथला पर्यटन करही उन्हाळ्याच्या मानाने बराच कमी असतो. मुले मोठी झाल्यावर, समुद्रात खेळण्याचा हट्ट संपल्यावर, तेथे जरूर जावे.

प्रश्न : फेब्रुवारीत माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न आहे. लग्नानंतर नवदांपत्याने कॅप्री किंवा सांतोरिनी येथे जावे असे आम्हा भावंडांच्या मनात असून, तो खर्च आम्ही त्यांना भेट म्हणून देणार आहोत. आपला सल्ला हवा. (एक वाचक, मांजलपूर)

उत्तर : फेब्रुवारीत दोन्ही ठिकाणे टाळावीत. कॅप्रीवरील बहुतेक हॉटेले नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चपर्यंत बंद असतात, समुद्र खवळलेला असला की निळ्या गुहेत होड्या जात नाहीत, आणि नेपल्सहून येणाऱ्या वेगवान बोटीही रद्द होतात. सांतोरिनीच्या कड्यावरची पांढरी हॉटेले छायाचित्रांत जशी दिसतात ती उन्हाळ्यातली; हिवाळ्यात त्यांतली बहुसंख्य कुलूपबंद असतात. त्याऐवजी त्यांना सिसिलीला पाठवावे. ३ ते ५ फेब्रुवारीला कातानिया शहरात संत अगाथेचा मोठा उत्सव असतो, मागे एटना ज्वालामुखी बर्फाने मढलेला दिसतो, बाजारात लाल गराची संत्री आलेली असतात, आणि सिराकुजाचा जुना भाग असलेले ओर्तिजिया हे छोटे बेट हिवाळ्यातही जागते असते. ताओर्मिना येथील आलिशान हॉटेल सुचवले गेले, तर ते त्या तारखांना उघडे आहे का, हे आधी विचारावे. तेथीलही पुष्कळ हॉटेले हिवाळ्यात बंद असतात.

प्रश्न : आम्ही रावपुऱ्यात राहतो. घरात मासे-मांस आणि अंडेही चालत नाही, शिवाय सासूबाईंचे एकादशीचे उपवास असतात. डिसेंबरच्या सुरुवातीला ग्रीसच्या एका बेटावरील रिसॉर्टमध्ये पाच दिवस राहण्याचा बेत आहे. त्या काळात एकच भोजनगृह चालू राहील असे हॉटेलने कळवले आहे. आमचे हाल तर होणार नाहीत ना?

उत्तर : आपण निवडलेला काळ शाकाहारी माणसाला सर्वांत अनुकूल आहे, हे ऐकून आपल्याला आनंद होईल. ग्रीसमधील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती समाजात १५ नोव्हेंबरपासून नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत ४० दिवसांचे व्रत असते. त्या दिवसांत धार्मिक माणसे मांस, दूध आणि अंडी वर्ज्य करतात, आणि त्यांच्यासाठी घरोघरी व खानावळींतून वेगळे पदार्थ होतात. अशा पदार्थांना ‘निस्तीसिमो’ म्हणतात. पांढऱ्या मोठ्या घेवड्याचे टोमॅटोतले कालवण, मसुराची आमटी, पिवळ्या वाटाण्यासारख्या डाळीचा घोटून केलेला ‘फावा’, द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला भात, पालक घातलेला भात, असे पुष्कळ प्रकार त्यांत येतात, आणि ते आपल्या जिभेला परके वाटत नाहीत. पहिल्या पावसानंतर डोंगरउतारावर उगवणाऱ्या रानभाज्या उकडून, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल घालून वाढतात. त्या हंगामी प्रवाशाला ऑगस्टमध्ये मिळत नाहीत. ऑलिव्हची तोडणीही याच दिवसांत चालते, त्यामुळे नव्या घाण्याचे हिरवे, किंचित तिखट तेल चाखता येते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. या व्रतात कोळंबी, माकूळ, शिंपले वगैरे जलचर चालतात, आणि व्रताच्या बऱ्याच दिवशी मासेही खाल्ले जातात. त्यामुळे केवळ ‘व्रताचे जेवण’ म्हणून भागणार नाही. मांस, मासे, कोळंबी-शिंपले, अंडे आणि मांसाच्या किंवा माशांच्या अर्काचे सूप यांतले काहीही चालत नाही, असे प्रत्येक गोष्टीचे नाव घेऊन हॉटेलला आधी लिहून कळवावे. चीजबद्दलही विचारावे, कारण युरोपातील अनेक कठीण चीजमध्ये वासराच्या जठरातले विरजण वापरतात. इटलीच्या पार्मेझान चीजमध्ये तर ते नेहमीच असते. माल्टाला जाणाऱ्या वाचकांनीही ध्यानात ठेवावे की, तेथल्या रिकोटा किंवा वाटाण्याचे सारण भरलेल्या ‘पास्तित्सी’ बाहेरून शाकाहारी दिसल्या, तरी त्यांच्या पारीत पुष्कळदा डुकराची चरबी असते.

एकच भोजनगृह चालू असण्याची फार चिंता करू नये. भरलेल्या हंगामात शेकडो पाने वाढणाऱ्या मुदपाकखान्याला एका कुटुंबाची पथ्ये सांभाळायला वेळ नसतो. डिसेंबरमध्ये मोजकेच पाहुणे असतात आणि मुख्य आचारी स्वतः येऊन विचारपूस करू शकतो. दुसऱ्या दिवशी काय हवे, हे आदल्या संध्याकाळी सांगण्याची पद्धत ठेवावी. सासूबाईंच्या उपवासाला उकडलेले बटाटे, दही, मध, बदाम, अक्रोड, खजूर आणि ताजी संत्री सहज मिळतील. घरून साबुदाणा, वरईचे तांदूळ आणि दाण्याचे कूट नेता येईल. परंतु युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून नेण्यास मनाई आहे, त्यामुळे पेढे, बर्फी, तूप हे घरीच ठेवावे. बडोद्याची भाकरवडी आणि लीलो चेवडो नेण्यास या नियमाची आडकाठी नाही.

प्रश्न : अलकापुरीतून लिहीत आहे. रिसॉर्टच्या संकेतस्थळावर दोन दर दिसतात. पैसे परत न मिळणारा दर बराच स्वस्त आहे. मार्चच्या सुरुवातीचा बेत असून आधी अथेन्स आणि मग बोटीने बेटावर, असे ठरवले आहे. स्वस्त दराने पैसे भरून टाकावेत का?

उत्तर : व्हिसा हाती येईपर्यंत परत न मिळणारा दर घेऊ नये. व्हिसाच्या अर्जाला राहण्याच्या आरक्षणाचा पुरावा जोडावा लागतो, आणि रद्द करता येणारे आरक्षण त्यासाठी पुरते. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या आधी सहा महिन्यांपासून ते किमान १५ दिवसांपर्यंत करता येतो; जून २०२४ पासून त्याचे शुल्क प्रौढांना ९० युरो आणि ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे, आणि किमान ३०,००० युरो संरक्षण देणारा वैद्यकीय प्रवासविमा आवश्यक असतो. अर्ज ज्या देशात सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाच्या नावे करावा. बडोदेकरांना त्यासाठी बहुधा अहमदाबाद किंवा मुंबईच्या अर्ज केंद्रात जावे लागते, तेव्हा तारखेची नोंदणी दोन महिने आधी केलेली बरी. बिगरहंगामात खोल्या रिकाम्या असतात, त्यामुळे थांबल्याने जागा जाईल ही भीती बाळगण्याचे कारण नाही. व्हिसा आल्यावर हॉटेलला थेट पत्र लिहून स्वस्त दर मागावा, आणि पुष्कळदा तो मिळतो.

मार्चच्या सुरुवातीला बोटीवर अवलंबून राहण्याविषयी मला अधिक काळजी वाटते. वाऱ्याचा जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की ग्रीसमधील बंदर अधिकारी बोटींना सुटण्यास बंदी करतात, आणि ती बंदी कधी एक दिवस, कधी दोन दिवसही टिकते. पैसे परत न मिळणाऱ्या खोलीची पहिली रात्र अशा वेळी बुडते. म्हणून ज्या बेटाला वर्षभर विमानसेवा आहे, उदाहरणार्थ क्रीटवरील हेराक्लिओन किंवा हानिया, असेच बेट निवडावे, आणि भारतात परतण्याच्या विमानाआधीची रात्र बेटावर न घालवता अथेन्समध्ये घालवावी. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणारे विमान खराब हवामानामुळे रद्द झाले, तर नुकसानभरपाई मिळत नाही. परंतु पर्यायी प्रवास होईपर्यंत जेवण आणि गरज पडल्यास मुक्काम देणे २००४ च्या नियमानुसार विमान कंपनीवर बंधनकारक असते. हा हक्क काउंटरवर स्वतःहून मागावा लागतो. बोटीच्या खोळंब्याला हा विमानांचा नियम लागू होत नाही, तेव्हा विमा घेताना हवामानामुळे बुडालेल्या हॉटेलच्या रात्रींचा खर्च त्यात येतो की नाही, हे कलम वाचूनच सही करावी.